स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये पहिली नोकरी: काम कसं शिकायचं, कुठे सांभाळायचं

स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरला नोकरी लागली म्हटलं की घरच्यांना दोनपैकी एक गोष्ट वाटते. एक तर पोरगा गाड्या दुरुस्त करायला शिकणार, नाहीतर दिवसभर पेट्या उचलणार. पेट्या उचलाव्या लागतात, खोटं कशाला बोला. पण पगार मिळतो तो वेगळ्याच कामाचा. कॉम्प्युटरवर एखाद्या पार्टचे सहा नग दिसत असतील, तर त्या खणात हात घातल्यावर सहाच नग हाती लागले पाहिजेत. पाच नकोत, आणि सात तर अजिबात नकोत. एक नग जास्त निघाला म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी खणात एक कमी आहे, किंवा कुणा ग्राहकाच्या बिलात लागलेला पार्ट त्याच्या गाडीत बसलेलाच नाही. स्टोअरमधलं बाकीचं सगळं काम या एका गोष्टीसाठी चालतं.

पुढे लिहिलंय ते मुख्यतः चारचाकीच्या डीलर वर्कशॉपमधल्या स्टोअरला धरून, कारण पिंपरी-चिंचवडकडे नव्या मुलामुलींना पहिली नोकरी बहुधा तिथेच मिळते. पुण्यात नाना पेठेतल्या घाऊक दुकानात हेच काम दाटीवाटीत आणि टॅलीवर चालतं. चाकणच्या मोठ्या वेअरहाउसमध्ये ते स्कॅनर हातात घेऊन, टार्गेटवर चालतं. नोंदीची शिस्त मात्र तिन्हीकडे एकच.

पहिला आठवडा: रॅक पाठ करू नका, पत्ता वाचायला शिका

प्रत्येक खणाला पत्ता असतो. उदाहरणार्थ बी-०४-३-०२, म्हणजे बी ओळ, चौथा रॅक, खालून तिसरा कप्पा, दुसरा खण. कप्पे खालून मोजायचे की वरून, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण दोन्ही पद्धती चालतात. नवीन माणूस बहुतेकदा जुन्याच्या मागे फिरून ‘फिल्टर इथे, पॅड तिथे’ असं डोक्यात भरून घेतो. तसं शिकलेलं रॅक हलवले की निरुपयोगी होतं. सिस्टीममध्ये पत्ता बघायचा आणि पत्त्यावर जायचं, ही सवय लागली की कुठल्याही स्टोअरमध्ये दुसऱ्या दिवसापासून काम करता येतं.

त्यासोबत एक यादी मागा. गेल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त वेळा इशू झालेले, म्हणजे स्टोअरमधून नोंद करून दिलेले, पन्नास पार्ट कोणते? सिस्टीममधून ती दोन मिनिटांत निघते. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, स्पार्क प्लग, कूलंट ही नावं त्यात असतातच. खरं लक्ष द्यायचं ते ड्रेन बोल्टच्या वॉशरकडे. किंमत काही रुपये, पण ऑइल बदलायला आलेल्या प्रत्येक गाडीला तो लागतो, आणि तो संपला की लिफ्टवर चढवलेली गाडी तिथेच अडकते. हे पन्नास पार्ट काउंटरच्या जवळ, कंबर ते खांद्याच्या उंचीवर असले पाहिजेत. तसे नसतील तर का नाहीत, ते इनचार्जना विचारा. प्रश्न चांगला आहे आणि तुमच्याबद्दलचं मतही चांगलं होतं.

पार्ट नंबर वाचायला शिका

इथे वेळ घालवा. नाव फसवतं, नंबर फसवत नाही. ‘बुश’ मागितलं तर गाडीत बुश डझनावारी असतात. ‘सेन्सर’ मागितला तर विचारूच नका.

प्रत्येक कंपनीच्या नंबरात एक रचना असते. मारुती सुझुकीच्या नंबरातले पहिले पाच आकडे वस्तू सांगतात: १६५१० ऑइल फिल्टर, १३७८० एअर फिल्टर, ५५८१० पुढचे ब्रेक पॅड. पुढची अक्षरं आणि आकडे मॉडेलकडे नेतात. ०९ ने सुरू होणारे नंबर बहुतेक नट, बोल्ट, सील, बेअरिंग अशा स्टँडर्ड वस्तूंचे. स्पार्क प्लगही त्यातच बसतो, ०९४८२. होंडाच्या गाड्यांचा नंबर पाच-तीन-तीन असा तुटतो: १५४०० ऑइल फिल्टर, ४५०२२ पुढचे पॅड, ४३०२२ मागचे पॅड आणि मधली तीन अक्षरं मॉडेलची. टोयोटात ०४४६५ पुढचे पॅड आणि ०४४६६ मागचे. एका आकड्याचा फरक, आणि पार्ट गाडीच्या दुसऱ्या टोकाचा. आपल्या कंपनीचे असे तीस-चाळीस सुरुवातीचे आकडे लक्षात राहिले की पेटी न उघडता आत काय आहे ते कळायला लागतं.

डावं-उजवं हा दुसरा घोळ. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून, पुढे तोंड करून ठरतं. गाडीसमोर उभं राहून बोट दाखवलं की उलटंच होतं. म्हणून फ्लोअरवरचे, म्हणजे गाड्या दुरुस्त होतात तिथले, लोक ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ असं बोलतात. आपल्याकडे ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी. तुम्हीही तसंच विचारा, भांडण वाचतं. नंबरातही ते दिसतं: टोयोटाचा ८१११० उजवा हेडलॅम्प, ८११५० डावा.

तिसरी गोष्ट, बदललेले नंबर. कंपनी पार्टमध्ये सुधारणा करते, पुरवठादार बदलते आणि जुना नंबर बंद करून नवा देते. कॅटलॉगमध्ये जुना नंबर टाकला की तो नव्याकडे नेतो. पण स्टोअरच्या खणात जुन्या नंबराचे दोन नग पडून असतात, आणि नवा शोधणाऱ्याला ते सिस्टीम दाखवीलच असं नाही. म्हणून ‘स्टॉक नाही’ म्हणण्याआधी आधीचा नंबर एकदा तपासायचा. उलट बाजूही ध्यानात ठेवा. नवा पार्ट जुन्या गाडीला चालतो म्हणून जुना पार्ट नव्या गाडीला चालेलच असं नाही. कॅटलॉगमध्ये बाण एकाच दिशेचा असेल तर त्याचा अर्थ तोच.

आणि योग्य नंबर काढायचा तो चेसिस नंबरवरून. सतरा अक्षरांचा हा नंबर आरसीवर असतो आणि गाडीवर कोरलेला असतो. मारुतीचा बहुधा एमए३ ने सुरू होतो, टाटाचा एमएटी ने, ह्युंदाईचा एमएएल ने, महिंद्राचा एमए१ ने. या सतरा जागांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. त्यामुळे गोल दिसलं की ते शून्यच. पार्ट नंबरात मात्र अशी खात्री धरू नका. ‘२०१९ ची गाडी आहे, टॉप मॉडेल’ एवढ्यावर नंबर काढू नका. वर्षाच्या मध्येच बदल होतात, आणि एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाडीला वेगळे पार्ट लागतात.

माल आत घेणं

स्टोअरमधल्या चुका शोधत मागे गेलं की बहुतेक वेळा आपण इनवर्डच्या टेबलाशी येऊन थांबतो. म्हणून ही पायरी संथपणे सांगतो.

टेम्पो येतो, ड्रायव्हरला घाई असते. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, समजा बारा पेट्या लिहिल्यात. सही करायच्या आधी पेट्या मोजायच्या आणि चारही बाजूंनी बघायच्या. एखादी ओली, दबलेली किंवा दुसऱ्यांदा टेप मारलेली दिसली तर ड्रायव्हरसमोरच फोटो काढायचा आणि बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर लिहायचं: ‘१ पेटी ओली, तपासणीच्या अधीन’. त्याची सही घ्यायची. ड्रायव्हर कुरकुरतो, ‘साहेब, नेहमीचंच आहे, करा ना सही.’ शांतपणे लिहीत राहायचं. एकदा कोरी सही गेली की ट्रान्सपोर्टवर क्लेम टाकायला हातात काही उरत नाही.

मग पेटी उघडायची. एका वेळी एकच. चार पेट्या एकदम फोडून टेबलावर ओतल्या की कुठल्या पेटीत काय कमी होतं हे देवालाही सांगता येणार नाही. प्रत्येक नगाचे चार मुद्दे बघा: पार्ट नंबर बिलाशी जुळतो का, नग किती, छापील किंमत काय, पॅकिंग शाबूत आहे का. जुळलेला माल एका बाजूला, कमी आलेल्याची नोंद कागदावर, खराब किंवा चुकीचा माल लाल ट्रेमध्ये. लाल ट्रेमधला माल खणात जाता कामा नये. कंपनीकडे शॉर्टेज किंवा डॅमेजचा क्लेम टाकायला ठरावीक दिवसांची मुदत असते. आपल्या कंपनीची मुदत किती, ते इनवर्डच्या टेबलासमोर चिकटवून ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एककाचा. ब्रेक पॅडचा एक सेट म्हणजे चार पॅड, पण सिस्टीममध्ये तो १ नग. स्पार्क प्लगच्या एका मोठ्या खोक्यात दहा प्लग असतात आणि बिल दहाचं असतं. घाईत एक खोकं म्हणून १ टाकलं की नऊ प्लग स्टॉकमधून गायब. क्लिप आणि स्क्रू पाकिटाने येतात, सुटे जातात. इंजिन ऑइल २१० लिटरच्या बॅरलमध्ये येतं आणि जॉबकार्डवर (त्या गाडीच्या कामाच्या नोंदीवर) ३.१, ३.५ अशा लिटरांनी जातं. पहिल्या महिन्यात अशा पार्टची एक छोटी वही करा: पार्ट कोणता, बिलात एकक काय, इशू करताना काय.

छापील किमतीकडेही लक्ष हवं. एकाच पार्टचा जुना नग जुन्या किमतीचा असतो, नवा नव्या किमतीचा, आणि सिस्टीम फक्त शेवटची किंमत दाखवते. पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, सिस्टीम काहीही म्हणो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांतले ऑटो पार्ट १८ टक्के जीएसटीत आले. त्याआधीच्या छापील किमतीचा माल कमी खपाच्या खणांत अजूनही निघू शकतो. असा नग दिसला की काउंटरवर स्वतः हिशोब करू नका, इनचार्जना दाखवून किंमत ठरवून घ्या. बिलातला एचएसएन कोडही, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, हळूहळू ओळखीचा होतो: ८७०८ चारचाकीचे पार्ट, ८७१४ दुचाकीचे, ८४२१ फिल्टर, ८४८२ बेअरिंग, ८५०७ बॅटरी, ४०११ टायर.

जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाची सिस्टीममधली नोंद, त्याच दिवशी पूर्ण झाली पाहिजे आणि माल त्याच दिवशी खणात गेला पाहिजे. खणात ठेवताना नवा माल मागे, जुना पुढे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि संध्याकाळी साडेसहाला कुणीच करत नाही. तिथे तुम्ही वेगळे ठरू शकता.

फ्लोअरला पार्ट देणं

आता एक इशू पूर्ण बघू. टेक्निशियन काउंटरवर येतो: ‘भाऊ, पुढचे पॅड दे पटकन, गाडी लिफ्टवर आहे.’ तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असावं: ‘जॉबकार्ड नंबर?’ नंबर टाकला की स्क्रीनवर गाडी आणि चेसिस नंबर येतो. त्यावरून कॅटलॉग, तिथून पार्ट नंबर, तिथून खण. खणावर गेल्यावर पेटीवरच्या नंबरातले शेवटचे चार-पाच आकडे मोठ्याने वाचा. सुरुवात सारखीच असते, फरक शेपटात असतो. काउंटरवर आल्यावर आधी सिस्टीममध्ये इशू, मग टेक्निशियनची सही, मग पार्ट हातात. हा क्रम उलटा करू नका.

उलटा करायला भाग पाडणारे लोक रोज भेटतील. ‘आधी दे रे, जॉबकार्ड नंतर उघडतील, ॲडव्हायझर जेवायला गेलाय.’ बोलणारा पंधरा वर्षं जुना, तुम्ही पंधरा दिवसांचे. हो म्हणायचा मोह होतो. पण बिननोंदीचा पार्ट संध्याकाळी कुणालाच आठवत नाही, आणि महिन्याच्या शेवटी फरक तुमच्या खणात निघतो. आवाज न चढवता सांगायचं, ‘दादा, नंबर सांगा, पार्ट काढूनच ठेवतो.’ आणि खरोखर काढून ठेवायचा. नंबर आला की पाच सेकंदांत त्याच्या हातात. नियम पाळताना तुम्ही त्याचा वेळ खात नाही हे एकदा दिसलं की तो पुढच्या वेळी नंबर घेऊनच येतो. एखाद्या ठिकाणी वरिष्ठच तोंडी पार्ट द्यायला सांगत असतील, तर काउंटरवर वही ठेवा: तारीख, वेळ, पार्ट नंबर, गाडी, सही. पार्ट जाईल, पण कागदावरून जाईल.

परत आलेला पार्टही तितकाच महत्त्वाचा. मागितले दोन, लागला एक, दुसरा टेक्निशियनच्या ट्रॉलीत पडून राहतो. रोज संध्याकाळी फ्लोअरवर एक चक्कर मारून असे पार्ट गोळा करा आणि त्याच दिवशी सिस्टीममध्ये परत घ्या. पाकीट फाटलेलं असेल तर आतला पार्ट तोच आहे का ते बघा. नव्या पाकिटात जुना बल्ब घालून परत आल्याची उदाहरणं प्रत्येक स्टोअरमध्ये सापडतील. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा गाडीला लावून बघितला की बहुतेक ठिकाणी तो परत घेत नाहीत.

वॉरंटीत बदललेला जुना पार्ट भंगारात जात नाही. त्याला जॉबकार्ड नंबर, गाडी नंबर, किलोमीटर आणि तारखेचा टॅग लावून वेगळ्या रॅकवर ठेवायचा. कंपनीचा माणूस तपासायला येतो, पार्ट मागतो, आणि तो नसला तर क्लेम नाकारला जातो.

पिंपरी-भोसरीकडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी सर्व्हिसला गाड्यांची रांग लागते. बुधवारी दुपारी दुसऱ्या दिवसाच्या अपॉइंटमेंटची यादी मागून फिल्टर, ऑइल, वॉशरचे संच आधीच ट्रेमध्ये लावून ठेवले की गुरुवारची सकाळ बरीच सोपी जाते.

कोणता माल कसा ठेवायचा

जड माल खाली, हलका वर, हे शिकवावं लागत नाही. पण काही वस्तूंचे स्वतःचे लाड असतात.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १५५. म्हणजे सील तुटलेला डबा ‘अजून अर्धा आहे’ म्हणून खणात परत ठेवायचा नाही. घाटात सलग ब्रेक लागले की त्याची किंमत कळते, आणि ती ग्राहक मोजतो.

बॅटरी पडून असली तरी उतरत राहते. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्टच्या वर असते. १२.४ च्या खाली गेली तर चार्जिंगला लावायची. बॅटरीला ‘आधी आलेली आधी जाणार’ हा नियम सगळ्यात कडक. जुन्या बॅटऱ्या आणि जळकं ऑइल हे नोंदणीकृत रीसायकलरकडेच जातं, भंगारवाल्याकडे नाही. त्याची पावती जपून ठेवा.

टायरवर चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. टायर उन्हापासून दूर, उभे ठेवायचे. काचाही उभ्याच, आडव्या कधीच नाहीत. शॉकॲब्सॉर्बर उभे. बेअरिंगचं पॅकिंग बसवायच्या क्षणापर्यंत उघडायचं नाही, घामाच्या बोटांनी त्यावर गंज धरतो. पडलेलं बेअरिंग वरून चांगलं दिसलं तरी सांगायचं, गुपचूप खणात सरकवायचं नाही. बेल्ट खिळ्याला टांगू नका आणि दुमडू नका. एअरबॅग आणि सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरमध्ये स्फोटक पदार्थ असतो, ते वेगळ्या कुलूपबंद जागेत राहतात. नव्या माणसाने ते उघडून बघायचे नाहीत.

पावसाळ्यात दोन शत्रू: ओल आणि उंदीर. पुठ्ठ्याच्या पेट्या जमिनीवर नकोत, भिंतीला टेकून नकोत, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पॅलेटवर हव्यात. ओलीने लेबल सुटलं की पार्ट हातात असून नसल्यासारखा. उंदरांना वायरिंग आणि रबरी पाइप फार आवडतात, म्हणून स्टोअरमध्ये डबा खायचा नाही. हा नियम सगळ्यांना जाचक वाटतो. जूनमध्ये पटतो.

स्वतःच्या शरीराचंही तेवढंच बघा. सेफ्टी शूज पहिल्या दिवसापासून मागा. ब्रेक डिस्कची पेटी दिसते लहान, पायावर पडली की समजतं. वाकताना कंबर नाही, गुडघे. वरच्या कप्प्यासाठी शिडी, रॅकवर पाय देऊन चढणं नाही.

मोजणी आणि फरक

वर्षातून एकदा पूर्ण स्टॉक मोजला जातो आणि तेव्हा सगळे घाबरलेले असतात. त्यापेक्षा रोज वीस-पंचवीस खण मोजणं बरं. बहुतेक चांगल्या स्टोअरमध्ये ही पद्धत असते. महागडे आणि जास्त फिरणारे पार्ट वारंवार, बाकीचे कधीतरी. मोजताना सिस्टीमचा आकडा आधी बघू नका. बघितला की डोळे तोच आकडा मोजतात.

फरक निघाला की लगेच आकडा दुरुस्त करायचा नाही. शोधायचा, आणि शोधायचा एक क्रम आहे. शेजारचे दोन्ही खण आधी. मग ज्याचा नंबर जवळजवळ सारखा आहे त्या पार्टचा खण: याच्यात एक कमी आणि त्याच्यात एक जास्त असेल तर चुकीचा पार्ट इशू झालाय, आणि तो कुठल्या गाडीला गेला ते लगेच सांगायला हवं. मग इनवर्डचं टेबल, लाल ट्रे, फ्लोअरवरच्या ट्रॉल्या. मग शेवटच्या जीआरएनचं एकक. एवढं करून सापडलं नाही तर लिहून इनचार्जकडे. कमी निघालेलं लपवणाऱ्यापेक्षा सापडल्यावर सांगणारा माणूस स्टोअरला जास्त हवा असतो. सुरुवातीला हे पटायला जड जातं.

न हलणारा माल हा वेगळा विषय. वर्षभर एकदाही न हललेल्या पार्टची यादी काढून बघा. त्यातला मोठा भाग कुणातरी ग्राहकाने मागवलेला आणि नंतर न नेलेला असतो. म्हणून खास मागवलेल्या पार्टसाठी ॲडव्हान्स घेतात. ग्राहक समोर तावातावाने बोलत असला तरी ती पावती बनवायला विसरू नका.

काउंटरवरचं गिऱ्हाईक

बाहेरच्या गॅरेजचे मेकॅनिक हातात जुना पार्ट घेऊन येतात. नमुन्यावरून पार्ट देणं सोपं वाटतं, पण आधीच कुणीतरी चुकीचा बसवलेला असेल तर तुम्ही दुसऱ्यांदा चुकीचा द्याल. आरसी किंवा चेसिस नंबरचा फोटो मागा. मेकॅनिक चांगला असेल तर तो आधीच व्हॉट्सॲपवर पाठवतो. पार्ट उपलब्ध नसेल तर ‘दोन दिवसांत येईल’ असं अंदाजाने सांगू नका. ऑर्डर स्क्रीनवर जे दिसतं तेच सांगा. गाडी रस्त्यावर बंद पडली असेल तर तातडीची वेगळी ऑर्डर टाकता येते, तिला व्हीओआर म्हणतात. ती महाग पडते, म्हणून इनचार्जना विचारूनच.

कधीतरी कुणीतरी सुचवेल की बाजारातून तसाच दिसणारा पार्ट आणून कंपनीच्या पेटीत घालून देऊ. हसून सोडून देण्यासारखं हे नाही. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे, किमान सहा महिने, तीन वर्षांपर्यंत, आणि सही तुमची असेल. दुसऱ्या ब्रँडचा पार्ट त्याच्याच नावाने, त्याच्याच पेटीत विकणं ही वेगळी गोष्ट. त्यात काही गैर नाही.

पगार, कपात आणि पुढची पायरी

मुलाखतीत एवढं विचारून घ्या: नोकरी डीलरच्या पगारपत्रकावर की कॉन्ट्रॅक्टरकडून? सुट्टीचा वार कोणता? स्टॉकमध्ये फरक निघाला तर पगारातून कापतात का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा: स्टोअरची चावी कितीजणांकडे असते? चावी पाचजणांकडे आणि जबाबदारी एकाची, असं असेल तर विचार करा.

पगाराच्या स्लिपवर काय कापलं जातंय ते समजून घ्या. पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के, आणि मालकाचा वाटा वेगळा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे ०.७५ टक्के कापतात. त्यातून तुमचं आणि घरच्यांचं दवाखान्याचं बघितलं जातं, म्हणून कार्ड लगेच काढून घ्या. महाराष्ट्रात महिना १०,००० च्या वर पगार असेल तर व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत तो माफ आहे. यूएएन, म्हणजे पीएफसाठीचा तुमचा कायमचा नंबर, पहिल्याच महिन्यात घ्या आणि मोबाइलवर पीएफ खरंच जमा होतोय का ते बघा.

सहा-आठ महिन्यांनी ऑर्डरिंगचं काम मागा. किमान किती नग उरले की मागवायचं, किती मागवायचं, कुठला पार्ट मागवणं थांबवायचं, हे ज्याला जमतं तो पार्ट्स इनचार्ज होतो. त्यासाठी एक्सेलमध्ये फिल्टर, पिव्होट आणि व्हीलुकअप एवढं पुरतं. त्याचे क्लास लावायची गरज नाही. तुमच्याच स्टोअरची तीन महिन्यांची इशू यादी घ्या आणि महिन्याला सरासरी किती जातात ते प्रत्येक पार्टसमोर काढा. मग सिस्टीममध्ये ठरवलेली किमान संख्या त्याशेजारी लावा. ज्या पार्टमध्ये दोन्हींत मोठी तफावत दिसेल असे दहा पार्ट निवडा आणि ती एका पानाची यादी घेऊन इनचार्जकडे जा. दुपारी तीननंतर जा, सकाळच्या गर्दीत कुणी वाचणार नाही.